वेठीचा माणूस

‘यंत्रमानव’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो बदलावा असे सुचविणे व्यर्थ होय. तथापि ज्या नाटकातून ‘रोबोट’ ही संज्ञा जगभर पसरली, ते कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हाती घेणाऱ्या वाचकाने हा शब्द क्षणभर बाजूस ठेवावा, अशी आमची विनंती आहे. नाटक १९२० सालचे. संज्ञा चापेक यांस त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचविली. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी कुळाने सक्तीने करावयाचे श्रम. ऑस्ट्रियन साम्राज्यात ही पद्धती १८४८ साली बंद झाली. शब्द मात्र राहिला. आपल्याकडे यास वेठ म्हणत. चापेक यांचे रोबोट लोखंडाचे नाहीतच; ते कृत्रिम जीवद्रव्यापासून केलेले, रूपाने हुबेहूब मनुष्य आहेत.

ते निर्माण कसे झाले, हा नाटकातील सर्वांत मार्मिक भाग होय. थोरल्या रॉसुमला ईश्वराशी स्पर्धा करून खराखुरा मनुष्य घडवावयाचा होता. धाकटा रॉसुम इंजिनियर. मनुष्यास आनंद होतो, तो व्हायोलिन वाजवितो, फिरावयास जातो. काम करावयास यांपैकी काय लागते, असा त्याने हिशेब घातला. न लागणारे वगळले आणि उरला तो रोबोट. यंत्र काव्य करू लागले, आता मनुष्याचे म्हणून उरले काय, असे हल्ली वारंवार विचारले जाते. प्रश्न विचारण्याची ही रीतच धाकट्या रॉसुमची आहे.

रोबोटांच्या बंडाचीच चर्चा टीकाकार अधिक करतात. आम्हांस ते बंड नाटकाचे दुबळे अंग वाटते. त्याहून भेदक आहे ती वेदनेची गोष्ट. डॉ. गाल रोबोटांस वेदना देऊ पाहतो, ती दयेने नव्हे; दुखत नाही म्हणून ते स्वतःची मोडतोड करून घेतात आणि कारखान्याचे नुकसान होते म्हणून! एखादा रोबोट मध्येच हातातले काम टाकून दात खाऊ लागतो. व्यवस्थापक दोमिन त्यास बिघाड समजून मोडीत काढतो. पाहुणी हेलेना मात्र त्यास आत्मा म्हणते. असिमोव्ह यांनी १९४२ साली कथेत रोबोटांसाठी तीन नियम घातले. धन्यासाठी एकही घातला नाही. चापेक यांची दृष्टी मुख्यतः धन्यावर आहे. नाटकाच्या आरंभी हेलेना सुला या रोबोट स्त्रीस मनुष्य समजते आणि कारखान्याच्या चालकांस रोबोट! प्रेक्षक हसतात, पण हेलेनेची चूक फार मोठी नव्हे. पुढे मनुष्यजातीत अपत्ये जन्मेनाशी होतात, कारण मनुष्याची गरजच संपलेली असते. शेवटी रोबोट एकट्या आल्क्विस्टला जिवंत ठेवतात. का, तर तो वृद्ध अजून स्वतःच्या हातांनी विटा रचतो.

सुला यंत्रच आहे हे पटविण्यासाठी दोमिन तिला चिरून दाखविण्यास निघतो. तिला स्वतःला त्याचे काहीच वाटत नाही. नाटकाच्या अखेरीस हेलेनेच्याच रूपाच्या व नावाच्या रोबोट स्त्रीस चिरावयाचे आल्क्विस्ट म्हणतो, तेव्हा तिचा सोबती प्रीमुस आडवा येतो. त्याला न्यावयाचे म्हणताच ती आपला देह पुढे करते. आल्क्विस्ट दोघांस सोडून देतो. हा शेवट भावविवश आहे, हा आक्षेप आम्हांस अंशतः मान्य आहे. प्रीमुसच्या अंतरात हा पालट कसा घडला ते दिसत नाही, आणि प्रेम नाटककाराच्या मदतीस जरा लवकरच धावून येते. परंतु आक्षेप घेणारे एक तपशील विसरतात. ही रोबोट हेलेना सुंदर आहे, स्वप्नात असल्यासारखी वावरते आणि कोणत्याही कामाची नाही. धाकट्या रॉसुमच्या हिशेबाने तिला कारखान्याबाहेर पडू देण्याचे काहीच कारण नव्हते.