‘झेपेल एवढंच ध्येय ठेवा’ हा गैरसमज, पण कुणासाठी?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये काय सादर करू, असं विचारल्यावर एका सीनियरने मला एक पेपर दिला. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ३१ जानेवारी २०१३ ला आलेला. लेखक कॅझाझा, अ‍ॅलिसन आणि बरेच सहकारी, विषय लठ्ठपणाबद्दलचे गैरसमज. सात गैरसमज, सहा गृहीत समजुती आणि नऊ तथ्यं अशी सरळ मांडणी आहे. तुम्ही पेट किंवा नेट झाल्यावर इंटरव्ह्यूची तयारी करत असाल, तर हा पेपर जरूर वाचा. इतका वाचनीय पेपर क्वचित मिळतो. आणि इतका सहज चुकीचा वापरला जाणाराही. चुकीचा वापर मीच करून बसले होते, म्हणून आज त्याच्यावर लिहितेय.

आपल्या कामाचा आहे तो यादीतला दुसरा गैरसमज. वजन कमी करताना ध्येय वास्तववादी ठेवा, नाहीतर माणूस निराश होतो आणि उलट कमीच वजन घटतं, हे डॉक्टर, डायटिशियन, जिमवाले सगळेच सांगतात. लेखक म्हणतात की कल्पना तर्काला धरून आहे, पण डेटा तिच्या बाजूने नाही. ज्यांनी मोठी ध्येयं ठेवली ते उपचार जास्त सोडतात किंवा त्यांचं वजन कमी घटतं असा सातत्याने दिसणारा संबंध नाही. काही अभ्यासांत तर मोठं ध्येय असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. शिवाय दोन अभ्यासांत लोकांच्या अपेक्षा मुद्दाम खाली आणल्या. अपेक्षा खाली आल्या, वजनात मात्र फरक पडला नाही.

मी हे जर्नल क्लबमध्ये सांगितलं, टाळ्या मिळाल्या. त्याच आठवड्यात माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला. तेव्हा ती पंधरा वर्षांची. “ताई, कॉलेज सुरू व्हायच्या आत बारा किलो कमी होतील का गं? मैत्रिणी म्हणतात एवढं ठेवू नको.” हातात सात-आठ आठवडे होते. मी लिहिलं, “ठेव की. मोठं ध्येय ठेवलं तर नुकसान होत नाही, रिसर्च आहे त्यावर.” वर अंगठ्याची इमोजी.

पुढे काय झालं ते नंतर सांगते. आधी पेपर.

‘वास्तववादी ध्येया’चा सल्ला आला कुठून? त्यामागे एक गाजलेला अभ्यास आहे. फॉस्टर, वॅडन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली लठ्ठपणावर उपचार घेणाऱ्या ६० स्त्रियांना विचारलं, तुम्हाला किती वजन हवंय, किती चालेल आणि किती झालं तर निराश व्हाल? त्यांचं सरासरी ध्येय होतं आपल्या वजनाच्या ३२ टक्के घट. ४८ आठवड्यांच्या उपचारांनंतर सरासरी १६ किलो कमी झाले, म्हणजे वैद्यकीय दृष्टीने उत्तमच. तरी ४७ टक्के स्त्रिया स्वतःच ठरवलेल्या ‘निराशाजनक’ वजनापर्यंतही पोचल्या नाहीत. हे वाचून कुणालाही वाटेल की आधी अपेक्षा खाली आणा. पण नीट बघा : इच्छा आणि निकाल यांत दरी आहे एवढंच हा अभ्यास दाखवतो. दरीमुळे निकाल बिघडतो हे त्यात कुठेच नाही. ती उडी नंतर वाचणाऱ्यांनी मारली, आणि २०१३च्या पेपरने ती पकडली. इथपर्यंत लेखकांचं श्रेय मी पूर्णपणे मान्य करते.

आता माझी पहिली तक्रार. पेपर स्वतःच दोन वेगळे कप्पे करतो. विरोधात भरपूर पुरावा असूनही लोक धरून बसतात तो गैरसमज, आणि पुरावा ना बाजूने ना विरोधात असताना मानली जाते ती गृहीत समजूत. मग ‘वास्तववादी ध्येय’ कुठल्या कप्प्यात जायला हवं? संबंध दाखवणारे अभ्यास बरेचसे निरीक्षणात्मक आहेत. मोठं ध्येय ठेवणारी व्यक्ती मुळातच जास्त जिद्दीने आलेली असू शकते. तसं असेल तर वजन जिद्दीमुळे उतरलं, ध्येयाच्या आकड्यामुळे नाही. हा कन्फाउंडिंगचा अगदी पुस्तकी नमुना आहे, इंटरव्ह्यूला उदाहरण विचारलं तर हेच सांगा. उरले अपेक्षा खाली आणण्याचे दोन अभ्यास, आणि तेही लहान. लहान अभ्यासात फरक दिसला नाही म्हणजे फरक नाही असं होत नाही, हे आपण बायोस्टॅटच्या पहिल्या सेमिस्टरला शिकतो आणि दुसऱ्या सेमिस्टरला विसरतो. माझ्या मते हे विधान दुसऱ्या कप्प्यात, गृहीत समजुतींत शोभलं असतं. पण ‘गैरसमज’ या शब्दाला जो दणका आहे तो ‘पुरावा अपुरा’ला नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर, आणि ती लेखकांपेक्षा माझ्यासारख्या वाचकांवर आहे. हे सगळे आकडे मुख्यतः प्रौढांचे आहेत, त्यातही उपचार कार्यक्रमात नाव नोंदवलेल्या प्रौढांचे. दर आठवड्याला वजन करणारं कुणीतरी समोर आहे, आहार ठरवून दिलाय, चक्कर आली तर सांगायला माणूस आहे. पंधरा वर्षांची मुलगी आरशासमोर उभं राहून स्वतःच एक आकडा ठरवते, तेव्हा ती या नमुन्यात कुठेच बसत नाही. ‘मोठ्या ध्येयाने नुकसान नाही’ या वाक्यात नुकसान म्हणजे ‘कमी वजन घटणं’ आणि ‘कार्यक्रम सोडणं’, एवढंच मोजलंय. खाण्याचे विकार, पाळी, उंची, हाडं हे त्या वाक्याच्या बाहेर आहे. मोजलंच नाही ते ‘झालं नाही’ असं मी वाचलं.

किशोरवयात प्रश्न आणखी मुळाशी जातो, कारण तिथे किलो हे एककच डगमगतं. साधं गणित करा. तेरा वर्षांचा मुलगा, उंची १५० सेंटिमीटर, वजन ६० किलो. बीएमआय येतो २६.७. वर्षभरात तो सहा सेंटिमीटर वाढला आणि वजन तेवढंच राहिलं, तर बीएमआय २४.७. एक ग्रॅमही न उतरवता दोन अंक खाली. त्याच्यासाठी ‘वजन जिथल्या तिथे ठेव’ हे ध्येय भरपूर महत्त्वाकांक्षी आहे, कारण त्याच्या वयात वजन वाढणं हाच नियम असतो. हेच ध्येय सतरा वर्षांच्या मुलीला दिलं तर फारसं काही घडणार नाही. तिची उंची बहुतेक थांबलेली असते. म्हणजे ‘टीनएजर’ हा एक गट म्हणून पेपरात दिसला की लगेच विचारा : वय किती, मुलगा की मुलगी, वाढ किती शिल्लक? म्हणूनच मुलांचा बीएमआय वय आणि लिंगानुसार तक्त्यावर बघतात. आपल्याकडे त्यासाठी इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे २०१५चे तक्ते आहेत, त्यामागच्या कामात पुण्याचे खाडिलकर दांपत्य आघाडीवर होतं. त्यात जास्त वजन आणि लठ्ठपणाच्या रेषा प्रौढांच्या २३ आणि २७ बीएमआयशी जोडलेल्या आहेत.

एककाचा हा फरक चांगल्या ट्रायलमध्ये डिझाइनपासूनच दिसतो. सेमाग्लुटाइडच्या प्रौढांवरच्या ‘स्टेप १’ ट्रायलमध्ये (२०२१) मुख्य मोजमापांत शरीराच्या वजनातली टक्केवारी होती. १२ ते १८ वयाच्या मुलांवरच्या ‘स्टेप टीन्स’मध्ये (२०२२, २०१ मुलं, ६८ आठवडे) मुख्य मोजमाप होतं बीएमआयमधला टक्केवारीचा बदल. औषधाच्या गटात तो १६.१ टक्क्यांनी घटला, प्लासिबोच्या गटात ०.६ टक्का वाढला. सगळे औषधाच्या आकड्याकडे बघतात. मी तुम्हाला दुसऱ्याकडे बघायला सांगेन. प्लासिबो गटालाही आहार-व्यायामाचा सल्ला मिळत होता, नियमित तपासणी होती. तरी सरासरी बीएमआय जवळपास जागेवरच. ही लठ्ठपणाच्या उपचारासाठी आलेली मुलं होती हे खरं, पण घरी एकटीने, सात आठवड्यांत बारा किलो हे किती हवेतलं होतं ते त्या ०.६ वरून कळतं.

मग किशोरवयीनांच्या ‘ध्येया’बद्दल पुरावा काय म्हणतो? इथे साहित्य वरवर पाहता आपसात भांडतं. मिनेसोटातल्या ‘प्रोजेक्ट ईट’मध्ये न्यूमार्क-स्टायनर यांच्या गटाने २,५१६ मुलामुलींना पाच वर्षांच्या अंतराने दोनदा गाठलं. जी मुलं सुरुवातीला जेवण टाळणं वगैरे अपायकारक उपाय करत होती, त्यांच्यात पाच वर्षांनी जास्त वजन असण्याचा धोका सुमारे तिप्पट होता, खाण्याच्या विकारांचा धोकाही जास्त. निष्कर्ष : डाएटिंग वाईट. पण २०१९ साली जेबेली आणि सहकाऱ्यांची मेटा-अ‍ॅनालिसिस आली. त्यात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार घेतलेल्या मुलांमध्ये खाण्याच्या विकारांचा धोका वाढलेला नव्हता, उलट कमी झाला होता. निष्कर्ष : डाएटिंग चांगलं?

दोन्ही ठिकाणी ‘डाएट’ हा शब्द एकच, वस्तू वेगळी. एकीकडे डबा मैत्रिणीला देऊन टाकणं, दुसरीकडे आई-बाबांसकट महिनोन्‌महिने चालणारा कार्यक्रम. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष भेटी असाव्यात असं म्हणतात. २६ तास! आपल्या ओपीडीत दहा मिनिटं मिळाली तरी नशीब. शिवाय ‘प्रोजेक्ट ईट’ निरीक्षणात्मक आहे. ज्यांचं वजन आधीच वाढत चाललंय तीच मुलं डाएटकडे वळतात, ही शंका सुरुवातीचं वजन विचारात घेतलं तरी पूर्ण जात नाही. तेव्हा ‘डाएटमुळे वजन वाढतं’ असं त्यावरून लिहू नका. पण लपूनछपून केलेलं डाएट हा धोक्याचा बावटा आहे, इतकं लिहायला हरकत नाही.

मर्यादा आणि ध्येय यांतली गल्लतही फार होते. २००७च्या अमेरिकन तज्ज्ञ समितीच्या शिफारशींत १२ ते १८ वयोगटातल्या लठ्ठ मुलांसाठी आठवड्याला साधारण ९०० ग्रॅमपेक्षा जास्त घट नको, असं आहे. ही वरची मर्यादा आहे. पुढच्या लेखांत मात्र तीच ‘आठवड्याला ९०० ग्रॅम करा’ अशी फिरते. अस्सल संदर्भ उघडून बघायची सवय लावा, असे नमुने डझनाने सापडतील.

न्याय म्हणून सांगते, याच पेपरातला पहिला गैरसमज मला आजही आवडतो. रोज थोडी कॅलरी कमी केली की दर ३५०० कॅलरीला एक पौंड उतरत राहतो, हा १९५८ पासूनचा हिशेब लेखकांनी मोडीत काढला. रोज एक मैल चालून १०० कॅलरी जाळल्या तर या नियमाने पाच वर्षांत २२ किलोंहून जास्त उतरायला हवेत. प्रत्यक्षात साधारण साडेचार, कारण शरीर लहान होत गेलं की त्याचा खर्चही कमी होतो. मावसबहिणीला मी पेपरातला दुसरा मुद्दा पाठवला, त्याच्याच वरचा हा पहिला पाठवला असता तर तिचे बारा किलो तिथेच कोसळले असते. (आणि पेपराच्या शेवटी लेखकांचे खाद्यपदार्थ व औषध कंपन्यांशी असलेले संबंध दिले आहेत, तेही वाचा. यादी लांब आहे. तेवढ्यावरून पेपर खोटा ठरत नाही, पण पुरावा नसताना कुठला शब्द निवडला गेला हे बघायला ती उपयोगी पडते.)

सहा आठवड्यांनी मावशीचा फोन आला. रात्रीचं जेवण बंद होतं, डबा वर्गात वाटला जात होता, आणि पाळी चुकली होती. ऊर्जा फार कमी पडली की मेंदू हायपोथॅलॅमसच्या पातळीवरच प्रजननाचा संदेश मंद करतो. इस्ट्रोजेन घटतं, आणि ज्या वयात हाडांचा साठा भरायचा असतो त्याच वयात ते घटतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, छान मार्कही मिळाले होते. चार किलो उतरले होते. ती ते आनंदाने सांगत होती.

डॉक्टरांनी वजनकाट्याच्या आधी तिची उंची मोजली, पाळीची तारीख विचारली, तक्त्यावर ठिपका काढला. ती जास्त वजनाच्या रेषेच्या जेमतेम वर होती. त्यांनी किलोचा आकडा दिलाच नाही. तीन वेळा जेवण, रात्रीची झोप, आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटन, आणि दर तीन महिन्यांनी ठिपका. घरातला काटा मावशीने माळ्यावर टाकला.

माझा तो मेसेज तिने अजून डिलीट केलेला नाही. मध्ये एकदा दाखवला तिने. “रिसर्च आहे त्यावर”, खाली अंगठा. मी विचारलं, तेव्हा तू मला कुठला रिसर्च असं का नाही विचारलंस? ती म्हणाली, “ताई, तू पीएचडी करतेस ना.”