युक्ती आणि अपेक्षा : महाविद्यालयीन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमविषयी काही विचार

व्हिडिओ गेम हा विषय विद्यापीठीय समीक्षेच्या कक्षेत यावा की नाही, याविषयी आपल्याकडे अद्याप संकोच दिसतो. तथापि ज्या खेळाभोवती सल्ल्यांचे, तक्रारींचे आणि मागण्यांचे विपुल लेखन निर्माण होते, तो खेळ कसा आहे हा प्रश्न बाजूस ठेवला तरी त्या लेखनाचा विचार समीक्षकास टाळता येणार नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलवर आधारलेल्या व्हिडिओ गेमांभोवती असे लेखन गेली तीन दशके साचत आले आहे. त्याचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. पहिला युक्तींचा : अमुक परिस्थितीत अमुक डाव खेळावा. दुसरा अपेक्षांचा : पुढील आवृत्तीत अमुक सुधारणा व्हावी. हे दोन्ही प्रकार परस्परांपासून स्वतंत्र मानण्याची प्रथा आहे. वस्तुतः ते एकाच उणिवेची दोन अपत्ये आहेत आणि पुष्कळदा एकमेकांच्या मुळावर येणारी आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम खेळाचा परिचय करून देणे अगत्याचे आहे. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या मैदानांवरील पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. यात प्रत्येक बाजूस 11 खेळाडू असतात, चेंडू लांबट असतो आणि चेंडू बाळगणाऱ्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नापूर्वी दोन्ही संघ आपला व्यूह ठरवितात. साहजिकच या खेळात अंगबळाइतकेच अनुमानाला महत्त्व आहे. विद्यापीठांचे संघ हा तेथील लोकजीवनाचा मोठा भाग असून, मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने 1993 साली 'बिल वॉल्श कॉलेज फुटबॉल' काढला. पुढे 'एनसीएए फुटबॉल' ही मालिका 2013 पर्यंत चालली आणि अकरा वर्षांच्या खंडानंतर जुलै 2024 मध्ये 'कॉलेज फुटबॉल 25' या नावाने ती पुन्हा सुरू झाली.

आता युक्तींकडे वळू. सल्ल्यांच्या या गर्दीत दोन भिन्न जातींचे सल्ले एकत्र नांदताना आढळतात. 'ऑप्शन' या डावाचे उदाहरण घ्यावे. या डावात आक्रमक संघ प्रतिपक्षाच्या टोकाच्या बचावपटूस हेतुपुरस्सर मोकळा सोडतो. क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहतो. तो आत धावून आला तर चेंडू स्वतःजवळ ठेवून बाहेरून पळावयाचे. तो जागीच थांबला तर चेंडू सहकाऱ्याच्या हाती द्यावयाचा. शत्रूच्या निर्णयावर आपला निर्णय उभारण्याची ही कला आहे. अंगाने लहान खेळाडू असलेल्या संघांना ती विशेष उपयोगी पडते आणि म्हणूनच अमेरिकेच्या लष्करी व नाविक अकादमींच्या संघांनी ती दीर्घकाळ जोपासली. व्हिडिओ गेममध्ये दिलेला 'टोकाचा बचावपटू वाचा' हा सल्ला मैदानावरही तितकाच खरा आहे. या जातीच्या सल्ल्यास आपण 'मैदानाची युक्ती' म्हणू.

दुसरी जात निराळी आहे. यंत्राने चालविलेला बचाव एखाद्या विशिष्ट डावास नेहमीच चुकीचा प्रतिसाद देतो, हे कोणाच्या तरी ध्यानात येते आणि मग तोच डाव सामनाभर खेळावा असा सल्ला सर्वत्र पसरतो. खऱ्या प्रशिक्षकाविरुद्ध असा डाव दुसऱ्या खेपेसच हाणून पाडला जाईल; यंत्र मात्र शिकत नाही. ही 'यंत्राची युक्ती' होय. व्यावसायिक फुटबॉलवरील 'मॅडन एनएफएल 2004' या खेळात मायकेल विक या क्वार्टरबॅकचा वेग इतका अवास्तव ठेवला होता की तो ज्याच्याकडे त्याची सरशी, अशी स्थिती झाली. अनेक मित्रमंडळींनी आपसांत नियम करून त्याला वर्ज्य ठरविले. हा आपसांतला नियम मोठा बोलका आहे. जिंकण्याची सर्वांत सोपी वाट खेळणाऱ्यांनीच बंद केली, कारण त्या वाटेने जिंकण्यात फुटबॉल उरत नव्हता.

येथे अपेक्षांचा संबंध येतो. यंत्राची युक्ती सांगणारा आणि ती बंद करा अशी मागणी करणारा हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात. आज जो दोष त्याला विजय मिळवून देतो, तोच दोष उद्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडला की त्याला अन्याय वाटतो. म्हणून अपेक्षांच्या याद्या जशाच्या तशा स्वीकारणे समीक्षकास शक्य नाही. त्यांना एक कसोटी लावावी लागेल आणि ती आमच्या मते अशी : एखाद्या सुधारणेमुळे कोणती युक्ती मरते आणि कोणती जिवंत होते? जी सुधारणा यंत्राची युक्ती मारून मैदानाची युक्ती जिवंत करते ती खरी सुधारणा; जिच्यामुळे खेळणाऱ्याचा एकही निर्णय बदलत नाही ती सजावट.

या कसोटीने 2024 च्या आवृत्तीतील दोन गोष्टी पाहू. पहिली म्हणजे खेळाडूच्या शरीरावर बसणाऱ्या आघातांचा संचित हिशेब. क्वार्टरबॅकला वारंवार पळवावयाचे ठरविले तर त्याची किंमत पुढे मोजावी लागते. त्यामुळे 'चांगला धावतो म्हणून त्यालाच पळवू नका' हा प्रशिक्षकांचा जुना सल्ला यंत्रातही खरा ठरू लागतो. ही निःसंशय सुधारणा होय. दुसरी गोष्ट प्रेक्षकांच्या गोंगाटाची. वरकरणी ही केवळ सजावट वाटेल. परंतु परक्या मैदानावर पडदा हादरतो, डावाच्या आखलेल्या रेषा वेड्यावाकड्या दिसू लागतात आणि पाहुण्या संघाला ऐनवेळी डाव बदलणे अवघड जाते. म्हणजे येथे वातावरणच निर्णयात उतरले आहे. यावरून हेही दिसून येते की सजावट आणि सुधारणा यांतील सीमा वस्तूत नसून तिच्या परिणामात आहे. 2025 च्या आवृत्तीत तीनशेहून अधिक प्रत्यक्ष प्रशिक्षकांची नावे आली, ही मागणीही फार जुनी होती. त्या प्रशिक्षकांच्या खेळण्याच्या रीतीही नावांबरोबर आल्या असतील तेवढ्या प्रमाणात तिला सुधारणा म्हणता येईल. केवळ चेहऱ्यापुरती ती सजावटच राहील.

यावर एक आक्षेप संभवतो. व्हिडिओ गेम हा स्वतंत्र खेळ आहे, त्याने मैदानाशी इमान राखण्याचे कारण काय? बुद्धिबळात हत्ती सरळ चालतो, म्हणून आपण युद्धशास्त्राच्या नावाने तक्रार करीत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. 1989 च्या 'टेक्मो बोल' या खेळात प्रत्येक संघाला अवघे चार डाव होते आणि बचाव करणाऱ्याने नेमका तोच डाव ओळखला की आक्रमण कोसळत असे. त्या खेळाने आपण फुटबॉलचे प्रतिबिंब आहोत असा आव आणला नाही. अनुमानाचा एक सुटसुटीत खेळ म्हणून तो आजही वाखाणला जातो. परंतु 'कॉलेज फुटबॉल 25' ने 134 विद्यापीठांची नावे, गणवेश, क्रीडागारे आणि खेळाडू घेतले. जो दुसऱ्याचे नाव घेऊन उभा राहतो, त्याच्यावर त्या नावाचे ऋण येते. अनुकरणाची प्रतिज्ञा केल्यावर अनुकरणाची कसोटी नाकारता येत नाही. मात्र अनुकरण म्हणजे प्रतिकृती नव्हे, हेही विसरून चालणार नाही. खरा सामना पंधरा मिनिटांच्या चार भागांचा असतो आणि प्रत्यक्षात तीन तासांहून अधिक लांबतो. खेळात हा काळ आखडलेला असतो. भरताच्या नाट्यविचारापासून आपल्याला परिचित असलेले अनुकरणही निवडीनेच चालते. प्रश्न एवढाच की निवडीत काय सुटले.

काय सुटले होते, याचे उत्तर या मालिकेच्या खंडातच आहे. 2013 पर्यंतच्या खेळांत विद्यार्थी-खेळाडूंची नावे नव्हती. क्रमांक, उंची, अंगलट मात्र खऱ्या खेळाडूंशी जुळे. 'खरी नावे हवीत' ही अपेक्षा याद्यांच्या अग्रभागी असे. बास्केटबॉलच्या अशाच एका खेळात डाव्या हाताचा, 31 क्रमांकाचा आपलाच अवतार पाहून एड ओबॅनन या माजी खेळाडूने 2009 साली दावा लावला. ऑगस्ट 2014 मध्ये न्यायमूर्ती क्लॉडिया विल्कन यांनी निकाल त्याच्या बाजूने दिला. तत्पूर्वीच मालिका थांबली होती. 2021 मध्ये विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली आणि 2024 मध्ये दहा हजारांहून अधिक खेळाडू प्रत्येकी 600 डॉलर व खेळाची एक प्रत घेऊन त्यात समाविष्ट झाले. म्हणजे चाहते ज्याला तांत्रिक उणीव समजत होते ती मुळात श्रमाच्या मोबदल्याची उणीव होती. नाव केवळ सजावट असते, तर त्यासाठी न्यायालय गाठावे लागले नसते.

या चर्चेचा रत्नागिरीतील अभ्यासकाशी संबंध काय, असे कोणी विचारील. उत्तर कबड्डीत आहे. महाविद्यालयीन मैदानावर ज्या खेळाची डावपेचांची परंपरा कोकणात दृढ आहे, तो कबड्डी होय. महाराष्ट्रात व्हिडिओ गेम तयार होत नाहीत असेही नाही. नॉटिलस मोबाईलची 'रिअल क्रिकेट' मालिका आणि पुण्याच्या जेटसिंथेसिसचा 2017 मधील 'सचिन सागा' ही उदाहरणे समोर आहेत. उद्या आंतरविद्यापीठीय कबड्डीचा असा खेळ कोणी रचू म्हणाला, तर आपण त्याच्यापुढे कोणती अपेक्षा ठेवणार?

कबड्डीने हा पेच स्वतःच्या मैदानावर अनुभवलेला आहे. आघाडीवरील संघाचा चढाईपटू निदान रेषा ओलांडून कोणालाही न भिडता परत फिरे आणि वेळ काढी. युक्ती नियमात बसणारी होती. खेळ मात्र थिजत असे. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डीने सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई निर्णायक ठरविली : गुण घ्या, नाहीतर बाद व्हा. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या अव्वल पकडीला अधिक गुण दिला. एक युक्ती मेली. तिच्या जागी तिसऱ्या चढाईसाठी कोणास राखून ठेवावे, तीन गडी उरल्यावर लोण टाळावा की पकडीचे धाडस करावे, असे नवे विचार जन्मास आले. वर मांडलेली कसोटी येथे चोख लागू पडते. भेद एवढाच की मैदानावरील नियम संघटनेत चर्चा होऊन उघडपणे बदलतो आणि त्याची नोंद राहते. व्हिडिओ गेममधील नियम कंपनीच्या एका दुरुस्तीने रातोरात बदलतो व कालची युक्ती कारण न सांगता नाहीशी होते.

त्या कल्पित कबड्डी-खेळाकडून पहिली अपेक्षा बचावाच्या साखळीची असावी. क्वार्टरबॅक जसा टोकाच्या बचावपटूस वाचतो, तसा चढाईपटू कोपरारक्षकास वाचतो. परंतु कबड्डीत कोपरारक्षकाचे धाडस शेजारच्या मध्यरक्षकावरील विश्वासावर उभे असते. हात धरलेल्या दोघांपैकी एकाने घाई केली की दोघेही फसतात. एक गडी माणसाच्या हाती आणि उरलेले सहा यंत्राच्या हाती, अशी रचना झाली तर हा विश्वासच नाहीसा होईल आणि उरेल ती केवळ चपळाई. दुसरी अपेक्षा मैदानाची. लाल मातीवर अनवाणी घेतलेले वळण आणि मॅटवर बूट घालून घेतलेले वळण यांत फरक आहे. तो रंगात न दिसता निर्णयात दिसला पाहिजे. तिसरी अपेक्षा अमेरिकेच्या अनुभवातून आलेली आहे : विद्यार्थ्याचे नाव व रूप वापरावयाचे, तर त्याची संमती आणि मोबदला हा पहिला नियम असावा.

तथापि या अपेक्षा पुऱ्या होण्यास आधी मैदानाची युक्ती कोठेतरी लिहिलेली असावी लागते. अमेरिकन फुटबॉलचे डाव पिढ्यान् पिढ्या आराखड्यांच्या वह्यांत उतरविले गेले, म्हणून ते यंत्रात नेता आले. कोपरारक्षकाने पाय केव्हा धरावा, दम किती राखावा, हे ज्ञान आपल्याकडे बव्हंशी प्रशिक्षकांच्या तोंडी आहे. जिल्ह्यातील मैदानांवरून हे सल्ले, त्यांच्या शब्दकळेसह आणि कालनिर्देशासह, टिपून ठेवण्याचे काम भाषा-विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. खेळ रचणाऱ्यास त्याचा उपयोग होईल न होईल. मराठीतील डावपेचांची भाषा मात्र त्यामुळे अभ्यासास उपलब्ध होईल.