लुगड्याची झाली नऊवारी

आजी नेसायची त्याला ती लुगडं म्हणायची. 'नऊवारी' हा शब्द तिच्या तोंडी यायचा तो फक्त दुकानात, माप सांगताना. आज लुगडं म्हणणारं फारसं कुणी उरलं नाही, पण नऊवारी मात्र दर गुढीपाडव्याला गिरगावात आणि डोंबिवलीत बुलेटवर बसून निघते. मापाचं नाव वस्त्राला चिकटलं आणि नेमकं त्याच सुमारास माप गळालं. कारण ही नऊवारी बहुधा शिवलेली असते. सलवारीसारखे पाय घालायचे, कमरेला हूक लावायचा, पदर पिनेने बसवायचा. दोन मिनिटांत बाई तयार.

सोय वाईट नाही. लग्नाच्या सकाळी काष्टा सुटेल या धास्तीने अर्धमेली झालेली नवरी मी पाहिली आहे. पण लुगड्याची खरी करामत ते न शिवलेलं असण्यातच होती. एकच सरळ कापड, टाका नाही की बटण नाही. बाई वाळली, सुटली, पोटुशी राहिली तरी तेच अंगाला बसायचं. काष्टा किती वर ओढलाय, ओचा कसा खोचलाय, यावरून नेसणारी कुठली आणि काय काम करते हे लांबूनच कळायचं. चिखलात भात लावणारीचं लुगडं गुडघ्याला, कोळणीचं घट्ट आवळलेलं, वाड्यातल्या बाईचं घोट्यापर्यंत. हे सगळं बोटांत होतं. आता ते शिंप्याच्या कात्रीकडे गेलं.

दुकानातली नावंही ऐकण्यासारखी आहेत: 'पेशवाई', 'ब्राह्मणी', 'मस्तानी'. संजय लीला भन्साळींचा 'बाजीराव मस्तानी' 2015 साली आला. अंजू मोदी आणि मॅक्सिमा बसू यांनी त्याचे कपडे केले होते. पडद्यावर ते देखणे होतेच. तक्रार आहे ती नंतरच्या बाजाराबद्दल. महाराष्ट्राचा सगळा पोशाखी इतिहास जणू एका शनिवारवाड्यात मावला. ज्या बायकांच्या अंगावरून लुगडं कधी उतरलंच नाही, त्या शेतमजुरणींच्या नावाची नऊवारी काही कुणी काचेत लावत नाही.

आणि हे रंगभूमी-सिनेमाचं अनुकरण काही आजचं नाही. बालगंधर्वांचं नेसणं, त्यांचा पदर पाहून घरंदाज बायका आपलं नेसणं बदलत, आणि बाईपण शिकवणारा तो गुरू पुरुष होता! त्याच काळात काष्टा सोडून 'गोल' पातळ नेसणं ही नखरेल, क्वचित बंडखोर गोष्ट समजली जाई. म्हणजे आज परंपरा म्हणून मिरवला जाणारा काष्टा तेव्हा मागासलेपणाची खूण ठरत चालला होता. फरक एवढाच, की गंधर्वांचा पदर पाहिलेली बाई तो दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने घ्यायची. आजची नऊवारी फोटो निघाला की पिशवीत जाते.

खणाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण म्हणजे अरुंद पन्ह्याचं, चोळीपुरतं कापड. ओटीत नारळासोबत घातलं जाणारं. गेल्या काही वर्षांत त्याची साडी झाली, कुर्ता झाला, पर्स झाली, कानातलं झालं. हे मला मनापासून आवडतं, कारण यात नाटकी वेश नाही. मुलगी तो कुर्ता घालून लोकल पकडते. मात्र साडीला रुंद पन्हा लागतो, तो यंत्रमागावर स्वस्तात निघतो, आणि हातमागावरचा विणकर आपल्याच नक्षीच्या वरातीत मागे राहतो.

कष्टकरी बायकांच्या वस्त्राला मान देण्याच्या बाबतीत गोव्याकडून शिकण्यासारखं आहे. डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी 2010 मध्ये कुणबी साडी फॅशनच्या मंचावर आणली. लाल चौकड्यांची, शेतात राबणाऱ्या आदिवासी बायकांची ही साडी तोवर विस्मृतीत चालली होती. त्यांनी राजवाडा नाही, शेत निवडलं. गोव्याच्या पोशाखाचा त्यांनी वर्षानुवर्षं शोध घेतला आणि 2012 मध्ये 'मोडा गोवा' हे पुस्तक काढलं. 2020 मध्ये ते गेले. आपल्याकडच्या किती डिझायनरांनी लुगड्यासाठी एवढी मेहनत घेतली आहे?

पैठणीला 'होम मिनिस्टर' या टीव्ही कार्यक्रमाने घराघरांत नेलं, हे मान्यच करायला हवं. आता तिचं जाकीट निघतं, मोबाइलचं पाकीटही. आईची जुनी पैठणी फाडून गाऊन शिवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्याआधीच्या पिढीने तर जरीच्या साड्या बोहारणीला देऊन पातेली घेतली होती. पण नवी घेणार असाल तर दुकानात पदर उलटून पाहा. हातमागावर विणलेला मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो. सेमी पैठणीच्या मागे सुटे धागे लोंबत असतात.