बोर्दोची गुणपत्रिका
१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तांबड्या द्राक्षमद्यांच्या पाच श्रेणी लावल्या. कसोटी होती बाजारभावाची. यादीत मेदोकच्या खडीच्या जमिनीची, तिथल्या काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षांची सद्दी. पलीकडच्या तीरावरील पोमरोलची चिकणमाती आणि तीत रसरसणारी मेर्लो द्राक्षे यांना मात्र जागाच नाही! शिवाय मान मिळाला तो मळ्याच्या नावाला, मातीला नव्हे. जमिनी विकल्या-घेतल्या तरी श्रेणी कायम. १९७३ साली मूतों रोथशिल्ड दुसरीतून पहिलीत चढले, हाच काय तो ठळक अपवाद. भावावरून गुण ठरवावा आणि मग त्याच गुणावरून भाव चढवावा, ही रीत रसिकाला मानवू नये. ही यादी बाजाराची बखर म्हणून जरूर वाचावी. चवीचा निवाडा जिभेवरच सोपवावा.