नामाचे दान आणि नामाची नोंद : ‘आरएफसी १०३४’चे परीक्षण

संगणकजालातील नामव्यवस्थेचा, म्हणजे डीएनएसचा, पाया पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये घातला. नोव्हेंबर १९८७ मधील ‘आरएफसी १०३४’ व ‘आरएफसी १०३५’ या दोन लेखांनी त्या व्यवस्थेस आज ओळखीचे असलेले रूप दिले. पहिल्यात तत्त्वविवेचन आहे, दुसऱ्यात अंमलबजावणीचा तपशील. या लेखांची थोरवी सर्वमान्य आहे. तथापि एखाद्या डोमेनखाली कोणकोणती सबडोमेने आहेत हे शोधणे व त्यांची निगा राखणे हा आज मोठ्या संस्थांपुढील बिकट प्रश्न होऊन बसला आहे. आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास ते पहिल्या लेखाच्या विचारसरणीतच सापडते.

या व्यवस्थेपूर्वी साऱ्या यंत्रांच्या नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई व तेथून ती सर्वत्र उतरवून घेतली जाई. यादी फुगत गेली तशी ती एका ठिकाणी सांभाळणे दुर्घट झाले. मोकापेट्रिस यांनी काढलेला तोडगा म्हणजे अधिकाराची विभागणी. वरच्याने खालच्यास नाव द्यावे आणि त्या नावाखालील कारभार त्याच्यावरच सोपवावा. विद्यापीठाने विभागास, विभागाने प्रयोगशाळेस नाव द्यावे. दर वेळी वरिष्ठाची अनुज्ञा नको. जालाचा पुढील अफाट विस्तार पेलला तो याच कल्पनेने.

परंतु यादीबरोबर समग्र दर्शनही गेले. या व्यवस्थेत ठाऊक असलेल्या नावाविषयी प्रश्न विचारता येतो; ‘येथे कोणकोणती नावे आहेत?’ असे कोणासही सहज विचारता येत नाही. संपूर्ण नोंदींची प्रत देण्याची सोय आहे, पण ती दुय्यम सर्व्हरांसाठी. सावध व्यवस्थापक ती इतरांस बंद ठेवतात. म्हणून शोधकास आडवाटेने जावे लागते. तो परिचित शब्द एकामागून एक लावून पाहतो; परंतु जेथे तारांकित नोंद असते तेथे कोणत्याही कल्पित नावास उत्तर मिळते, आणि खरे-खोटे निवडणे कठीण होते. २०१३ मध्ये प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदवह्यांची योजना मांडली गेली व २०१८ मध्ये क्रोम ब्राउझरने नव्या प्रमाणपत्रांसाठी तिचा आग्रह धरला. तेव्हापासून त्यांतील नावे कोणासही वाचता येतात. मात्र अनेक सबडोमेनांस मिळून एकच तारांकित प्रमाणपत्र घेतले असेल, तर तीही वाट खुंटते.

यावर असा आक्षेप संभवतो की, मालकाजवळ त्याच्या नोंदींची फाइल असतेच. मग शोधाची अडचण कसली? आक्षेप अर्धाच खरा आहे. ज्या शाखेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवला, तिच्यातील नावे मालकाच्या फाइलमध्ये नसतात. शिवाय नाव आहे एवढेच फाइल सांगते. ते कोणी, कशासाठी व कोठवर मागितले हे सांगत नाही. येथेच या रचनेतील मर्मस्थानी असलेली उणीव दृष्टीस पडते. प्रत्येक नोंदीस आयुर्मर्यादेचा आकडा जोडलेला आहे, पण ती मर्यादा इतरत्र साठवलेल्या प्रतीची होय. मूळ नोंदीस मर्यादाच नाही. जबाबदार व्यक्तीचा टपालपत्ता आहे, पण तो सबंध विभागासाठी एकच. १९९० मध्ये ‘आरएफसी ११८३’ने नावागणिक जबाबदार व्यक्ती नोंदवण्याचा प्रकार सुचवला, तो फारसा रूढ झाला नाही.

या उणिवेचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. एखाद्या परिषदेसाठी सबडोमेन काढून ते भाड्याच्या सर्व्हरकडे वळवले जाते. परिषद संपते, भाडे थांबते, नोंद मात्र तशीच राहते. काही सेवांमध्ये तीच सोडलेली जागा परक्यास घेता येते. मग विद्यापीठाच्या नावाखाली त्याचा मजकूर झळकतो, आणि त्या नावाचे प्रमाणपत्रही तो मिळवू शकतो. विद्यार्थी विश्वास ठेवतो तो नावावर. अशा लोंबकळत्या नोंदींचा धोका लिऊ, हाओ व वांग यांच्या २०१६ मधील अभ्यासाने सविस्तर दाखवून दिला आहे.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, दोन विभागांच्या सीमेवरील नोंदी परस्परांशी जुळत्या राहाव्यात, असे ‘आरएफसी १०३४’ बजावतो; आणि घटकाभरात भाड्याने मिळणारे व सुटणारे सर्व्हर १९८७ मध्ये त्याच्यापुढे नव्हते. नावे वाटण्याचे शास्त्र त्याने पूर्णत्वास नेले. ती परत घेण्याचे शास्त्र वापरणाऱ्यांनीच रचावयाचे होते. ते फारसे अवघड नाही. प्रत्येक नावापुढे हेतू, जबाबदार व्यक्ती व समाप्तीची तारीख लिहिलेली वही असावी. ती जाहीर नोंदवह्यांशी वेळोवेळी ताडून पाहावी. आणि सेवा बंद करताना आधी नोंद काढावी, मग जागा सोडावी. हा क्रम उलटला की नाव आपले आणि घर परक्याचे, अशी स्थिती होते.