डोलकाठी आणि ऋण : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘इन द साउथ सीज’मधील नौकेवरील आतिथ्याचा विचार

प्रस्तावना :

प्रवासवर्णनाचा विचार करताना प्रवासी हा पाहुणा आणि स्थानिक माणूस हा यजमान, असे आपण सहसा गृहीत धरतो. परंतु प्रवासी आपले घर बरोबर घेऊनच हिंडत असेल तर हे गृहीतक डळमळते. शिडाच्या नौकेतून बेटामागून बेट पाहणारा प्रवासी ज्या बंदरात नांगर टाकतो तेथे तो उपरा असतो. मात्र नौकेच्या फळ्यांवर त्याचेच राज्य असते. किनाऱ्यावरची माणसे होडीतून त्याच्याकडे येतात, तेव्हा तो त्यांना बसवतो, खाऊपिऊ घालतो आणि आपली खोली दाखवतो. अशा वेळी एकाच जागी तो पाहुणाही असतो आणि यजमानही. फ्रेंच भाषेत या दोघांसाठी ‘ओत’ हा एकच शब्द आहे, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन (१८५०-१८९४) यांचा ‘इन द साउथ सीज’ हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथातील नौकेवरील आतिथ्याच्या प्रसंगांचा विचार करणे आणि ग्रंथात न आलेल्या एका प्रसंगाच्या प्रकाशात त्या प्रसंगांचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नौका आणि तिची मालकी :

‘कॅस्को’ ही सुमारे ९५ फूट लांबीची दोन डोलकाठ्यांची शिडाची नौका होती. जून १८८८ च्या अखेरीस ती सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली आणि महिनाभराने मार्केसस द्वीपसमूहातील नुकु हिवा बेटाच्या अनाहो उपसागरात पोहोचली. नौकेवर स्टीव्हन्सन, त्यांच्या पत्नी फॅनी, सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न, आई मार्गारेट आणि एक मोलकरीण असा परिवार होता. कप्तान ओटिस यांच्या हाती नौकेचा कारभार होता.

नौका स्टीव्हन्सन यांच्या मालकीची नव्हती. कॅलिफोर्नियातील एका धनिकाकडून त्यांनी ती भाड्याने घेतली होती, आणि प्रवासासंबंधीची पत्रे वृत्तपत्रांना पुरवून खर्चाचा काही भाग भागवायचा असे ठरले होते. ज्या घरात स्टीव्हन्सन यजमान म्हणून वावरतात ते घर भाड्याचे आहे आणि तेथे येणारा पाहुणा हा उद्याच्या लेखनाचा विषय आहे. पुढील विवेचनात हे वास्तव नजरेआड करता येणार नाही.

अनाहो : पाहुणे आणि त्यांची नजर :

ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात अनाहो येथील पहिल्या दिवसाचे चित्र येते. पहिल्या होडीतून एक स्थानिक प्रमुख आणि एक गोरा व्यापारी येतात. नौकेवर येण्याची परवानगी मागणारे त्यांचे शब्द हे या बेटांवर लेखकाच्या कानी पडलेले पहिले शब्द होत. उपसागर मार्केससवासीयांचा आणि परवानगी मात्र आगंतुकाची, ही विसंगती लेखक नोंदवतो. तिचा अर्थ लावण्याचे काम तो वाचकावर सोडतो.

त्यानंतर होड्यांची रीघ लागते. अंगभर गोंदलेले उंचेपुरे पुरुष नौकेवर चढतात आणि आपल्याकडच्या वस्तू अवाच्या सवा किमतीला विकू पाहतात. खरेदीला नकार मिळताच एवढ्या देखण्या नौकेवर पैसा कसा नाही, अशी टिंगल होते. काही जण तासन् तास खोलीत बसून लेखकाकडे मुकाट्याने पाहत राहतात. या नजरांनी स्टीव्हन्सन अस्वस्थ होतात. आपल्याला भय वाटले, संवादाची वाट नसल्याने एक प्रकारचा संतापही आला, हे ते प्रांजळपणे कबूल करतात. पाहणारा तो प्रवासी आणि पाहिला जाणारा तो स्थानिक, ही प्रवासवर्णनातील रूढ व्यवस्था या प्रसंगात उलटते आणि लेखकही ते लपवत नाही. हे या प्रकरणाचे खरे सामर्थ्य होय.

‘मैत्री जोडणे’ या अर्थाचे शीर्षक असलेल्या दुसऱ्या प्रकरणात चित्र पालटते. बिस्किटे, मुरंबा आणि सरबत पुढे येते. छायाचित्रांचा संग्रह हातोहात फिरतो. मखमली गाद्यांचा स्पर्श अनुभवताना एका स्त्रीला झालेला निःसंकोच आनंद लेखक मिश्कीलपणे रेखाटतो. संवादाची किल्लीही त्याला येथेच सापडते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील कुळे, त्यांच्या दंतकथा आणि परकी सत्तेखाली झालेली त्यांची वाताहत यांच्या गोष्टी तो सांगतो आणि बदल्यात मार्केससच्या गोष्टी ऐकतो. १८४२ मध्ये फ्रान्सने ही बेटे ताब्यात घेतली होती. पुढील प्रकरणांत स्टीव्हन्सन मृत्यू आणि लोकसंख्येचा ऱ्हास यांविषयी लिहितात, तेव्हा गोऱ्या पाहुण्यांच्या आगमनाचा पूर्वेतिहास वाचकासमोर उभा राहतो. कथेला कथा देण्याचा हा व्यवहार बऱ्याच अंशी समतेचा आहे, असे म्हणावे लागेल.

तरीही एक मर्यादा जाणवते. झाक देरिदा यांनी आतिथ्यविषयक आपल्या विवेचनात (१९९७) दाखवून दिल्याप्रमाणे, स्वागत करणाऱ्याला आधी घराचा धनी असावे लागते; त्यामुळे प्रत्येक स्वागतात सत्तेचा एक अंश शिल्लक राहतो. अनाहोतील आतिथ्य या प्रकारचे आहे. खाऊ कोणता द्यायचा, छायाचित्रे कोणती दाखवायची आणि पाहुण्यांना निरोप कधी द्यायचा, हे नौकेवरचा माणूस ठरवतो. वाटेल तेव्हा नांगर उचलण्याची मोकळीकही त्यालाच आहे.

तौतिरा : ग्रंथाबाहेर राहिलेला प्रसंग :

ही मोकळीक हिरावली गेली ती ताहिती बेटावरील तौतिरा या गावी. ग्रॅहम बालफोर यांनी लिहिलेल्या चरित्रातून (१९०१) आणि कुटुंबीयांच्या पत्रांतून ही हकिगत कळते. तौतिरातील स्त्रियांसाठी नौकेवर मेजवानी देण्यात आली होती. त्या वेळी एका वृद्ध स्त्रीने प्रार्थना केली. नौकेत काही दोष असेल तर तो वेळीच उघड व्हावा, असा तिचा आशय होता. पुढे तपासणी झाली तेव्हा डोलकाठी आतून कुजलेली आढळली. तशाच अवस्थेत भर समुद्रात वादळ गाठले असते तर काय झाले असते, हे सांगणे नको.

दुरुस्तीसाठी नौका पापीते बंदरात गेली आणि स्टीव्हन्सन कुटुंब तौतिराचे प्रमुख ओरी यांच्या घरी राहिले. तौतिरातील हा मुक्काम सुमारे दोन महिन्यांचा झाला. नौका कधी परतेल याची कोणतीही खात्री नव्हती. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आपल्याकडे सांगितली जाते. येथे जाण्याचीही तिथी उरली नव्हती. जवळची शिधासामग्री संपत आली तेव्हा आपले जे आहे ते तुमचेच, असे ओरी यांनी सांगितले. इतकेच नव्हे, तर प्रतिकूल हवामानात ते स्वतः नाव घेऊन नौकेचा शोध घेण्यासाठी आणि अन्न आणण्यासाठी पापीतेला गेले. डिसेंबर १८८८ मध्ये फॅनी यांनी सिडनी कॉल्विन यांना लिहिलेल्या पत्रात याचे हृद्य वर्णन आहे. बेटावरील रिवाजानुसार ओरी व स्टीव्हन्सन यांनी परस्परांची नावेही घेतली होती. ओरी ‘रुई’ झाले, स्टीव्हन्सन ‘तेरीतेरा’ झाले. अखेर २५ डिसेंबर १८८८ रोजी ‘कॅस्को’ने ताहिती सोडले.

नौकेवरील आतिथ्याच्या दृष्टीने या प्रवासातील सर्वांत अर्थपूर्ण घटना हीच होय. पाहुणी म्हणून आलेल्या स्त्रीच्या प्रार्थनेत यजमानाच्या जिवाची काळजी आहे, आणि पुढे तोच यजमान त्या गावच्या अन्नावर जगतो. मार्सेल मोस यांनी ‘देणगी’विषयक निबंधात (१९२५) देणे, स्वीकारणे आणि परतफेड करणे ही तीन बंधने सांगितली आहेत. अनाहोत लेखक प्रामुख्याने देणारा आहे. स्वीकारण्याचे अवघड बंधन त्याच्यावर येते ते तौतिरात. तथापि, ‘इन द साउथ सीज’ या ग्रंथात मार्केसस, पौमोटू व गिल्बर्ट बेटांवरील भाग आहेत. ताहितीचा स्वतंत्र भाग नाही.

या अनुपस्थितीचा अर्थ :

या अनुपस्थितीवरून लेखकाला कृतघ्न ठरवणे अन्यायाचे होईल. ‘बॅलड्स’ (१८९०) या संग्रहातील ‘द साँग ऑफ राहेरो’ ही ताहितीच्या आख्यायिकेवरील दीर्घ कविता त्यांनी ओरी यांनाच अर्पण केली आहे. शिवाय दक्षिण सागराविषयीचा त्यांचा संकल्प बराच व्यापक होता आणि तो पूर्णत्वास गेला नाही. लेखकाचा हेतू काय होता यापेक्षा ग्रंथावर झालेला परिणाम तपासणे समीक्षकाच्या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे.

परिणाम असा की, ऋण पद्यात फेडले गेले आणि गद्यात अधिकार शिल्लक राहिला. अर्पणपत्रिकेत माणूस मित्र म्हणून येतो. प्रवासवर्णनात तो ज्ञानाचा विषय म्हणून येतो. आपले पती व्यक्तिगत अनुभव बाजूला सारून शास्त्रीय व ऐतिहासिक स्वरूपाचे पुस्तक लिहू पाहत आहेत, अशी फॅनी यांची तक्रार होती. ती तक्रार बहुधा वाचकांच्या रुचीच्या अंगाने समजून घेतली जाते. प्रस्तुत लेखकाला तिच्यात एक नैतिक प्रश्नही दिसतो. निरीक्षक कोणाच्या घरी जेवला, हे ज्या लेखनातून गळते त्या लेखनाची वस्तुनिष्ठता अपुरी असते. कारण आश्रय मिळाला म्हणूनच निरीक्षण शक्य झालेले असते.

हा प्रश्न केवळ एकोणिसाव्या शतकातील एका नौकेपुरता नाही. क्षेत्रीय अभ्यासासाठी गावोगावी जाणारे आपण प्राध्यापक आणि आपले विद्यार्थी ज्यांच्या ओसरीवर बसून माहिती गोळा करतो, चहा घेतो, प्रसंगी मुक्कामही करतो, त्यांचा उल्लेख आपल्या अहवालात ‘माहितीदाता’ या एका शब्दात आटोपतो. आभाराची ओळ वेगळ्या पानावर असते आणि विवेचन वेगळ्या पानावर. स्टीव्हन्सन यांच्या बाबतीत जे घडले, तेच लहान प्रमाणावर आपल्याही हातून घडत असते.

समारोप :

‘इन द साउथ सीज’मधील आरंभीची प्रकरणे पाहुण्यांच्या नजरेने अस्वस्थ झालेल्या यजमानाचे प्रामाणिक चित्रण करतात. त्यामुळे वसाहतकालीन प्रवासवर्णनांत त्यांचे स्थान वरचे आहे. मात्र यजमानपद गमावून आश्रित झालेल्या लेखकाचा अनुभव ग्रंथाबाहेर राहिल्याने आतिथ्याचे वर्तुळ पूर्ण होत नाही. यास्तव हा ग्रंथ अभ्यासक्रमात शिकवताना फॅनी यांचे तौतिराहून लिहिलेले पत्र त्याच्या जोडीने वाचले जावे, असे सुचवावेसे वाटते. बिस्किटे आणि मुरंबा नौकेवरून किनाऱ्याकडे गेला, हे ग्रंथ सांगतो. किनाऱ्याकडून नौकेकडे काय आले, हे त्या पत्रावाचून कळत नाही.