'क्रीप'मधली काळी दोन

रेडिओहेडचं 'क्रीप' (१९९२) चार कॉर्डवर उभं आहे: जी मेजर, बी मेजर, सी मेजर, सी मायनर. प्रत्येकाला आठ मात्रा, मग पुन्हा पहिल्यापासून. यातले बी मेजर आणि सी मायनर हे दोन जी मेजरच्या सप्तकात बसत नाहीत. गिटार शिकवणारे व्हिडिओ अशा वेळी बऱ्याचदा 'बॉरोड कॉर्ड' एवढं सांगून पुढे सरकतात. मी दिवसभर कोड लिहितो. माझ्या लेखी हे म्हणजे फंक्शनचं नाव सांगायचं आणि ते करतं काय ते सांगायचंच नाही.

करतं काय, ते हार्मोनियमवर लगेच कळतं. पांढरी पाचचा सा धरा. मग ते चार कॉर्ड असे होतात: सा-ग-प, ग-कोमल ध-नी, म-ध-सा, म-कोमल ध-सा. आता प्रत्येकातला एकच स्वर वाजवा: प, कोमल ध, शुद्ध ध, कोमल ध आणि परत प. दोन पायऱ्या वर, दोन पायऱ्या खाली.

दोन्ही 'विचित्र' कॉर्डमध्ये परका स्वर एकच आहे, काळी दोन. पण बी मेजरमध्ये तो वर ओढतो. कान ई मायनरची वाट बघतो आणि गाणं सी मेजरला जातं; तरी त्या स्वराला हवा असलेला शुद्ध ध तिथे मिळतोच. सी मायनरमध्ये तोच स्वर खाली, पंचमाकडे झुकतो. पट्टी एक, ओढ उलट. पाश्चात्त्य लिपीत म्हणूनच त्याला दोन नावं आहेत: डी शार्प आणि ई फ्लॅट.

मग सी मायनर 'दुःखी' कॉर्ड आहे का? अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांचं 'द एअर दॅट आय ब्रीद' (१९७२) ऐका. त्याच्या कडव्यात हाच क्रम आहे. 'क्रीप'च्या श्रेयनामावलीत या दोघांची नावं आहेत ती म्हणूनच. पण ते गाणं तृप्त माणसाचं आहे. त्याच्या ध्रुवपदात कॉर्ड बदलतात, खिडकी उघडते. 'क्रीप'मध्ये ध्रुवपदाच्या तोंडाशी जॉनी ग्रीनवूडची गिटार कडाडते, आवाज चढतो, पण वाट तीच राहते. सा कडे ठामपणे आणून सोडणारा पंचमावरचा डी मेजर तर शेवटपर्यंत येत नाही. दर वेळी घरी परतायचं ते सी मायनरच्या उतारानेच, मान खाली घालून.

आपण इथले नाही असं वाटणाऱ्या माणसाच्या या गाण्यात सप्तकाबाहेरचा स्वर प्रत्येक फेरीत दोनदा येतो: एकदा आशेने चढतो, एकदा उतरतो. गाण्याची सगळी वेदना मला या दोन ओढींमध्ये ऐकू येते. म्हणून अनोळखी कॉर्ड भेटला की नाव नंतर विचारा. आधी बघा, त्यातला परका स्वर कुठून आला आणि कुठे निघाला आहे.